आठवारी नवरदेव

पत्र थोडक्यात: पत्रलेखक मूळचे सांगलीचे, वय बत्तीस, गेली सात वर्षं ग्लासगोत नोकरीला. येत्या ऑगस्टमध्ये तिथंच लग्न आहे. मुलगी स्कॉटिश. डिसेंबरात सांगलीला वैदिक पद्धतीनं पुन्हा एकदा. होणाऱ्या सासऱ्यांनी आग्रह धरलाय, की ऑगस्टच्या लग्नात जावयानं त्यांच्या घराण्याच्या टार्टनचा, म्हणजे ठरावीक रंगीत चौकटींच्या लोकरी कापडाचा किल्ट (स्कॉटिश पुरुष कमरेला गुंडाळतात ते चुणीदार वस्त्र) घालावा, खर्च तेच करतील. यावर आई म्हणते, ‘म्हणजे मुलगा त्यांच्या कुळात गेला.’ वडील विचारतात, ‘लग्नात घागरा घालणार का?’ ग्लासगोतले भारतीय मित्र सांगतात, दुसऱ्यांची संस्कृती अशी उसनी घेऊ नये. पत्रलेखकाचे प्रश्न: माझा त्या कापडावर हक्क आहे का? घालायचाच, तर कोणतं टार्टन? की सरळ शेरवानी घालून मोकळं व्हावं, ‘निदान ती आपली तरी आहे’?

उत्तर:

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुमच्या वडिलांच्या घागऱ्याला हसले. दुसऱ्यांदा शेरवानीशी अडखळले.

शेरवानी आपली कधीपासून? सांगलीत तुमच्या आजोबांचं लग्न झालं तेव्हा त्यांच्या अंगावर काय होतं, ते जुन्या फोटोत बघा. बहुतेक धोतर, कोट, डोक्याला टोपी नाहीतर फेटा. शेरवानी उत्तरेकडची. सिनेमातून आणि मंगल कार्यालयाजवळच्या भाड्याच्या दुकानांतून ती आपल्या लग्नांत शिरली, आणि आता कुणालाच खटकत नाही. खटकावी असंही माझं म्हणणं नाही. पण तुम्ही परकं आणि आपलं अशी जी दोन गाठोडी बांधली आहेत, ती एकदा सोडून बघायला हवीत. शेरवानी उसनी असून चालते, कारण ती कुणी ‘देत’ नाही, दुकानातून आणता येते. किल्ट कुणीतरी हातात घेऊन समोर उभं आहे, म्हणून तो जड वाटतोय.

आधी आईचं बोलू, कारण गाठ तिथं आहे. ‘क्लॅन’ला आपण ‘कुळ’ म्हणतो आणि लगेच मागोमाग गोत्र, कुलदैवत, देवक असा सगळा गोतावळा येतो. आईला तेच ऐकू आलं असणार. पण तो गेलिक, म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतला शब्द ‘क्लान’, म्हणजे मुलंबाळं, लेकरं. आणि त्या लेकरांत सगळी रक्ताची नसत. सरदाराच्या जमिनीवर राहणारे, त्याच्या आसऱ्याला आलेले लोकही त्याचं आडनाव लावत. गोत्रापेक्षा ते एखाद्या मोठ्या वाड्याच्या आश्रितांसारखं होतं.

शिवाय तुम्ही दोघंही, म्हणजे तुम्ही आणि आई, असं धरून चालला आहात की अमुक चौकटी म्हणजे अमुक घराणं हे हजार वर्षांपासून ठरलेलं आहे. तसं नाही. अठराव्या शतकातल्या चित्रांत एकाच माणसाच्या अंगावर दोन-तीन वेगवेगळ्या चौकटी दिसतात. विणकराकडे जो रंग असेल आणि डोळ्याला जे बरं दिसेल ते लोक नेसत. १७४६ साली स्कॉटलंडमधल्या कलोडनच्या लढाईत तिथले बंडखोर हरले आणि इंग्रज सरकारनं कायदाच केला: हायलंडचा, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागाचा पोशाख घातला तर पहिल्या खेपेला सहा महिने तुरुंग, दुसऱ्यांदा सात वर्षं काळ्या पाण्यावर. सूट फक्त सरकारच्या पलटणींना. हा कायदा १७८२ मध्ये उठला. तोवर साध्या माणसाची सवय मोडली होती.

मग सुरू झाली हौस. बॅनकबर्न गावात विल्सन नावाच्या विणकरांचा मोठा कारखाना होता. त्यांच्या मालात पुष्कळ चौकटींना नुसते नंबर असत, काहींना गावांची नावं. १८१५ मध्ये लंडनच्या हायलंड सोसायटीनं कुळप्रमुखांना पत्रं धाडली, ‘आपापल्या टार्टनचा नमुना पाठवा.’ तेव्हा काहींना आपलं टार्टन कोणतं, हेच शोधत बसावं लागलं. १८२२ च्या ऑगस्टमध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबरात आला. कादंबरीकार वॉल्टर स्कॉटनं त्या भेटीचा असा थाट केला, की राजा स्वतः किल्टमध्ये उभा राहिला, आत गुलाबी रंगाचे घट्ट चोळणे घालून. नंबरांना घराण्यांची नावं चिकटली ती मुख्यतः या काळात. पुढं १८४२ मध्ये दोन भावांनी, जुनं हस्तलिखित सापडल्याचं सांगून, कुळांच्या टार्टनांचं एक देखणं पुस्तक छापलं. हस्तलिखित बनावट होतं, पण त्यातली कित्येक टार्टनं आजही अभिमानानं घातली जातात. (मजा बघा, ही सगळी धामधूम चालली होती तेव्हा आपल्याकडे मुंबईचा गव्हर्नर होता एल्फिन्स्टन, आणि साताऱ्यात बसून मराठ्यांच्या इतिहासाची कागदपत्रं गोळा करत होता ग्रँट डफ. दोघेही स्कॉटिश. आमच्या बखरी तपासायला आलेल्यांच्या घरी अशी नवी बखर लिहिली जात होती.)

हे सांगण्यामागं ‘टार्टन खोटं आहे’ असं म्हणायचं नाही. दोनशे वर्षं लोकांनी जपलं, त्यात लग्नं केली, त्यातच माणसं पोचवली, ते खरंच झालं. सासऱ्यांसमोर हा इतिहास पाजळू नका, एवढी विनंती. पण ‘माझा हक्क आहे का’ या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. तिथं सरकारी टार्टन नोंदवही आहे. कायदा २००८ चा, नोंदवही २००९ पासून चालू. कुणीही नवं टार्टन त्यात नोंदवू शकतो. ‘सिंग’ नावाचं टार्टन १९९९ पासूनच आहे, स्कॉटलंडमधल्या शिखांसाठी केलेलं. कोणतं टार्टन कुणी घालावं यावर कायद्याची बंदी नाही. शिष्टाचाराची मोजकी कुंपणं आहेत, उदाहरणार्थ राणी व्हिक्टोरियाच्या नवऱ्यानं १८५३ मध्ये काढलेलं करडं ‘बॅलमोरल’ राजघराण्यासाठी राखून ठेवतात. घराण्याचं बोधचिन्ह मात्र निराळं, ते कुळप्रमुखाचं असतं आणि त्यावर कायद्याची नजर असते. म्हणून किल्टला लावायची पिन साधी घ्या. चिन्हाची हवी असेल तर ती सासऱ्यांनी हातानं लावू द्या.

आता मित्रांचा मुद्दा. उसनवारीचा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. ज्या पोशाखासाठी लोकांना तुरुंगात घातलं, तो एखाद्या दारूच्या पार्टीत विनोद म्हणून घालणं वाईटच. पण तुमच्या बाबतीत मागणारा कोण आणि देणारा कोण? तुम्ही मागितला नाहीत, घरातल्या थोरल्या माणसानं बोलावून दिला. उलट बाजूनं विचार करा. डिसेंबरात सांगलीच्या कार्यालयात तुमचे काका त्या गृहस्थांना कोल्हापुरी फेटा बांधतील. बांधतीलच, विचारणारसुद्धा नाहीत. तेव्हा ‘तुमचा यावर हक्क काय’ असं कुणी म्हणेल?

आईला सांगताना ‘क्लॅन’ हा शब्दच काढू नका. तिला सीमांतपूजन आठवून द्या. मुलीकडचे गावाच्या वेशीवर येतात, नवऱ्या मुलाचे पाय धुतात, त्याला पोशाख देतात, आणि तो पोशाख घालून नवरा मुलगा मांडवात येतो. मुलीच्या बापानं दिलेलं कापड अंगावर घेतल्यानं आपल्याकडे आजवर कुणी घरजावई झालेला नाही. ग्लासगोचे व्याही, नकळत का होईना, वरपोशाखच देताहेत. एवढंच, की उपरणं-धोतराऐवजी लोकरीचं कापड आहे.

वडिलांसाठी एक हिशेब देते. पुरा किल्ट शिवायला कापड लागतं आठ वार. मागच्या बाजूला चुण्याच चुण्या, पुढं दोन सपाट पदर एकावर एक. आपलं लुगडं नऊ वार. डिसेंबरात सूनबाई नऊवारी नेसणार असतील, तर जोडप्याचे मिळून सतरा वार होतात. चुण्या घालून कमरेला कापड गुंडाळणं हे ज्यांच्या वडिलांनी जन्मभर धोतर नेसलं त्यांना परकं वाटायचं कारण नाही. आणि बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं संचलन त्यांनी कधी पाहिलं असेल, तर बॅगपाइप ऐकून छाती फुगली होती की नाही, तेही विचारा.

एक गोष्ट मात्र मला तुमच्याच पत्रात खटकली. आई काय म्हणते, वडील काय म्हणतात, मित्र, सासरे, सगळ्यांची मतं आहेत. जिच्याशी लग्न करताय तिचं मत दोन पानांत एकदाही नाही. तिला बापाचं टार्टन नवऱ्याच्या अंगावर बघायचंय की नाही? कदाचित तिला ते लाडकं असेल. कदाचित लहानपणापासून प्रत्येक लग्नात तेच लाल-हिरवं बघून ती कंटाळली असेल. कापड दुकानात बघण्याआधी तिला विचारा. आणि स्वतःलाही. ‘मला आवडला होता, पण’ असं तुम्ही दोन ठिकाणी लिहिलंय.

ती हो म्हणाली असं धरून पुढं जाऊ.

एकाच घराण्याच्या नावाखाली चार-पाच कापडं निघतात, तिथं गोंधळू नका. ‘एन्शंट’ म्हणजे प्राचीन नव्हे, फिकट रंगछटा. जुन्या वनस्पतीरंगांसारखी दिसावी म्हणून तशी रंगवलेली. ‘मॉडर्न’ म्हणजे गडद. ‘वेदर्ड’ म्हणजे ऊन-पाऊस खाल्लेले, मातकट रंग. ‘हंटिंग’मध्ये हिरवा-निळा-तपकिरी जास्त, ‘ड्रेस’मध्ये पांढरी जमीन. चौकट तीच, चेहरा निराळा. आपल्या सावळ्या कातडीवर गडद हिरवा, निळा, खोल लाल हे छान उठतात. फिकट ‘एन्शंट’ दुकानातल्या दिव्याखाली बरं वाटतं आणि फोटोत विटकं दिसतं, हे माझं मत. कापड हातभर तुकड्यावर ठरवू नका. वार-दीड वार कमरेशी धरून आरशापासून दहा पावलं मागं जा. तुम्ही उंचीनं बेताचे आहात असं लिहिलंय, तर ज्याची चौकट फार मोठी आहे ते कापड तुमच्यावर दोनच घरांत संपेल.

घराण्याचं टार्टन जड वाटत असेल, पण किल्ट हवा असेल, तर मधली वाट आहे. ‘ब्लॅक वॉच’, म्हणजे पलटणीचं गडद निळं-हिरवं, कुणीही घालतं. गावांची, प्रांतांची टार्टनं असतात. ग्लासगोच्या नावाचंही आहे, आणि सात वर्षं जिथं घरभाडं भरलं त्या गावाचं कापड घालायला कुणाची परवानगी लागेल? स्वतःचं नवं टार्टन काढायची कल्पनाही तुम्ही लिहिलीय, हळद-कुंकवाच्या रंगांची. हौस चांगली आहे, पण नोंदणी, विणकराची किमान लांबी, मग शिवण, हे सगळं ऑगस्टपर्यंत गळ्याशी येईल. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला करा. आणि सासऱ्यांच्या भावनेला मान द्यायचा, पण किल्ट नकोच, असं असेल तर त्याच टार्टनची ट्राउझर असते, तिला ‘ट्रूज’ म्हणतात. नाहीतर नुसती टाय. लग्नविधीत मुलीकडच्यांनी टार्टनची एक पट्टी तुमच्या छातीवर पिननं लावायची, अशीही रीत तिथं करतात.

भाड्यानं की शिवून? मित्रांसाठी, भावासाठी भाड्यानं. तुमच्यासाठी, खर्च सासरे करताहेत आणि पुढं प्रत्येक घरच्या लग्नात तो निघणार आहे म्हणून, शिवून. भाड्याच्या दुकानात ठरावीक पंधरा-वीस टार्टनं असतात, त्यात सासऱ्यांचं असेलच असं नाही. हातानं शिवलेल्या किल्टला दोन-तीन महिने सहज लागतात, म्हणजे पत्र वाचून झालं की फोन करा. पर्यटकांच्या रस्त्यावर खिडकीत टांगलेले स्वस्त किल्ट बहुतेक कृत्रिम धाग्याचे आणि कमी वारांचे. चालताना चुण्या झुलत नाहीत, नुसत्या फडफडतात.

माझ्या भाच्याचं लग्न एडिंबरात झालं, तेव्हा मापाला मी सोबत गेले होते. शिवणाऱ्या बाई साठीच्या. त्यांनी टेप थेट बेंबीच्या रेषेत धरला. भाचा जीन्सच्या सवयीनं तो खाली ओढायचा, त्या न बोलता वर सरकवायच्या. असं दोनदा झालं. मग त्याला लाकडी जमिनीवर गुडघे टेकून ताठ बसवलं. कापडाची कड जमिनीला टेकता कामा नये, बोटभर वर हवी. उठल्यावर तीच कड गुडघ्याच्या वाटीवर येते. मग बाईंनी मला मागून बोलावलं आणि एक चुणी बोटानं उलगडून दाखवली. आत चौकटीचा सगळा पसारा दडलेला, आणि चुणी मिटली की मागची चौकट जशीच्या तशी, जणू कापड दुमडलेलंच नाही. पलटणीच्या किल्टमध्ये मात्र प्रत्येक चुणीवर एकच पट्टा येईल अशी दुमड घालतात. दोन्ही मागून बघा आणि निवडा. लग्नात पाहुणे विधीभर तुमची पाठच बघणार आहेत.

बाकीचं भराभर. पुढच्या पदराची झालर उजव्या हाताला. पिन फक्त वरच्या पदराला टोचायची, दोन्हींतून घातली तर बसताना कापड फाटतं. वेस्टकोट असेल तर पट्टा नको. संध्याकाळच्या लग्नाला प्रिन्स चार्ली जॅकेट, दिवसाच्याला साधं ट्वीड किंवा आर्गाइल जास्त शोभतं. स्पोरन, म्हणजे पुढं लटकणारा बटवा, कमरेच्या बकलखाली चार बोटं. त्यात अंगठ्या आणि रुमाल ठेवा, फोन नको, तो पुढं उड्या मारतो. मोज्यातला छोटा सुरा, ‘स्कीन डू’, पारंपरिक पोशाखाचा भाग म्हणून तिथल्या कायद्यात चालतो. पण विमानात हातातल्या बॅगेत अजिबात नको. नुसत्या मुठीचा, बिनपात्याचाही मिळतो. बसताना मागचा घेर दोन्ही हातांनी खाली सारून बसायचं, आजी लुगडं सावरायची तसं. आणि ‘आत काय घालतात’ हा जो प्रश्न तुम्ही कंसात, बारीक अक्षरात विचारलाय: घाला. रात्री ‘केली’ नावाचा स्कॉटिश सामूहिक नाच होतो, त्यात ‘स्ट्रिप द विलो’ नावाचा प्रकार आहे, एकमेकांच्या कोपरात कोपर अडकवून गरगरा फिरायचं. तेव्हा माझी आठवण काढाल.

सांगलीच्या लग्नात मात्र किल्ट घालू नका. तत्त्वाचा प्रश्न नाही, पाटाचा आहे. होमापुढं मांडी घालून तासभर बसायचं, तेही आठ वार लोकरीत. वजन दोन किलोच्या घरात जातं. स्पोरन चामड्याचा, बूट चामड्याचे, गुरुजी सगळं उतरवायला लावतील आणि मग उरतं ते अर्धवट. तिथं धोतर, उपरणं, फेटा. टार्टन पूर्णच वगळायला नको असेल, तर किल्टबरोबर खांद्यावरचं ‘फ्लाय प्लेड’ मिळतं. ते उपरण्यासारखं घेऊन त्याची गाठ तिच्या शेल्याला मारता येईल. स्कॉटलंडमध्येही लग्नात वधूवरांचे हात कापडाच्या पट्टीनं बांधतात, ‘हँडफास्टिंग’ म्हणतात त्याला. ऑगस्टमध्ये हाताला बांधलेली पट्टी डिसेंबरात शेल्याच्या गाठीत घालायची, इतकं साधंही करता येईल. अंतरपाट मात्र पांढराच राहू द्या. तिथं आईशी घासाघीस करू नका. आणि कानपिळीला मेव्हणा किल्टमध्ये येणार असेल तर येऊ द्या, त्याचा कुणाला त्रास नाही.

आई-वडील ऑगस्टच्या लग्नाला चार दिवस आधी पोचताहेत असं लिहिलंय. नवा किल्ट खोक्यातून येतो तेव्हा चुण्या हलू नयेत म्हणून त्यांवर खालपासून कच्चे टाके घातलेले असतात. लग्नाआधी ते काढावे लागतात, आणि कैची जरा जरी चुकली तरी लोकर कापली जाते. तुम्ही काढू नका. खिडकीपाशी खुर्ची ठेवा, किल्ट आईच्या मांडीवर द्या आणि छोटी कैची हातात. चष्मा लावून ती एकेक दोरा उसवेल, आणि उसवता उसवता शिवण कशी घातलीय यावर दोन शब्द बोलेलच.